मेलेल्या तारांचा आवाज

पोर्ट केम्बला,
९ फेब्रुवारी १९९७

प्रिय नेव्ह,

नाताळची कार्डे सोडली तर गेल्या कित्येक वर्षांत आपण एकमेकांना काही लिहिलेले नाही. आज लिहिते आहे, याचे कारण कालच्या वर्तमानपत्रात आहे. 'ब्रेकवॉटर्स'चे, आपल्या बँडचे, नाव त्यात छापून आले आहे; आणि या वेळी ते कुणाच्या मृत्यूच्या बातमीत नाही.

सिडनीची एक कंपनी पोलादाच्या गावांतल्या जुन्या रॉक बँडांची गाणी एका सीडीवर आणते आहे. 'भोंगा होण्याआधी' हे आपले गाणे त्यात पहिले आहे. सोबत एक पुस्तिका निघणार असून प्रत्येक गाण्यात कोणी काय वाजवले, ते तीत नोंदले जाणार आहे. आपल्या गाण्यापुढे लिहिले आहे : बास गिटार – क्लाइव्ह मॉट्रम.

१९७१ साली त्या रेकॉर्डिंगच्या दिवशी क्लाइव्हने काय वाजवले, ते तुला ठाऊक आहे. त्याने दारावरची घंटासुद्धा वाजवली नाही, कारण तो तिथे आलाच नव्हता. तो आला पुढे मुखपृष्ठाच्या फोटोसाठी, उसनी आणलेली महागडी अमेरिकन बास गळ्यात अडकवून. बास वाजवली होती मी; पण सात महिन्यांची पोटुशी बाई रॉक बँडच्या फोटोत शोभत नाही, असे आपल्या मॅनेजरचे मत पडले. आणि मॅनेजरचा मेहुणा क्लाइव्ह दिसायला बरा होता. 'फोटोपुरतं गं,' असे सगळे म्हणाले. मीही म्हणाले. मग जॅनीनचा जन्म झाला, मी घरी राहिले, आणि क्लाइव्ह बास वाजवायला शिकला.

मी कंपनीला फोन केला. पेल नावाचा तरुण बोलला. आवाजावरून जॅनीनपेक्षाही लहान असावा.

"मिसेस पेंगेली, तुमच्याकडे काही लेखी आहे का?"

"पबमध्ये वाजवणाऱ्या बँडात लेखी काय असतं, बाळा? बियरचं बिल असतं."

"मग त्या खोलीत तेव्हा असलेलं कुणी?"

गायक गेला, ड्रमवाला गेला, मॅनेजर गेला, ध्वनिमुद्रण करणारा माणूस कुठे आहे ते त्याच्या मुलांनाही माहीत नाही. गिटारवाला तू तेवढा उरलास.

"किंवा असं करा," पेल म्हणाला, "तुम्ही स्वतः वाजवून टेप पाठवा. तो आवाज काही ऐऱ्यागैऱ्याला निघत नाही. क्लाइव्ह स्वतःच म्हणतो, तो आता त्यालाही सापडत नाही."

तेव्हा तुझ्याकडे दोन मागण्या आहेत. एक, पेलला दोन ओळी लिहून पाठव. दुसरी, मला बास सुचव. माझी जुनी बास जॅनीनच्या लंगोटांच्या दिवसांत धुण्याच्या यंत्राच्या बदल्यात गेली. गॉर्डनला पोलाद कारखान्याने घरी बसवले आहे आणि मी शाळेच्या कँटीनमध्ये पाव भाजते, हे लक्षात ठेवून सुचव. स्वस्तातली, आणि तरीही तो आवाज देणारी.

मला पैसे नकोत. पुस्तिकेत एक ओळ हवी आहे : बास गिटार – मर्ल पेंगेली. मरण्यापूर्वी ती छापलेली पाहायची आहे, इतकेच.

तुझी,
मर्ल


बर्नी, टास्मानिया,
२३ फेब्रुवारी

प्रिय मर्ल,

तुझे पत्र स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचले आणि मोठ्याने हसलो. बायको म्हणाली, "कुणाचं एवढं?" मी म्हटले, "एका जुन्या वादळाचं."

दोन ओळी काय, दोनशे लिहीन. पण माझे ऐकशील तर घाई करू नकोस. नुसते पत्र गेले तर तो पेल ते फाइलीत घालून ठेवील. आधी टेप होऊ दे. टेप आणि पत्र बरोबर पोहोचली की त्यांना वजन येईल.

आता बासविषयी. जुन्या अमेरिकन बासचे स्वप्न सोड; त्या किमतीत वापरलेली मोटार मिळते आणि मोटारीत पावसापासून निवारा तरी असतो. तुला हवी ती सत्तरच्या दशकातली जपानी नक्कल. त्या काळी त्या टपालाने मागवायच्या दुकानांत मिळत, आपण त्यांना नावे ठेवत होतो, आणि आता शहाणी माणसे त्या शोधत फिरतात. आखूड मानेची घे. तिच्या तारा थोड्या सैल असतात, म्हणून सूर गोल आणि भरीव येतो. वजनाला जड असेल तर उत्तम. मान डोळ्यासमोर धरून बंदुकीसारखी रोखून पाहा; पीळ पडला असेल तर खाली ठेव आणि चालू लाग. दुरुस्त होईल, असे विकणारा म्हणतोच. नव्या, पण जुन्या भासवलेल्या बास अजिबात घेऊ नकोस.

एक मात्र आठवत नाही. त्या गाण्याच्या बासमध्ये, तारा टेकतात त्या घोडीजवळ, त्यांच्याखाली काहीतरी कोंबलेले असायचे. स्पंज होता का? की कापड? त्याशिवाय तो दबका ठोका येणार नाही. आठवत असेल तर कळव. म्हातारपणी असल्या गोष्टी झोप घालवतात.

गॉर्डनला नमस्कार.

नेव्ह


पोर्ट केम्बला,
१६ मार्च

प्रिय नेव्ह,

तुझी शिकवणी घेऊन मी बाजारात उतरले आणि सगळीकडून रिकाम्या हाताने परत आले.

आरंभ वुलनगाँगच्या मोठ्या दुकानातून केला. तिथला पोरगा केसांना तेल की वंगण लावून उभा होता.

"बोला आँटी. नातू शिकतोय वाटतं?"

"नातू नाही. आजीच वाजवते."

"वा! भारीच! मग ही बघा, अगदी एकाहत्तर सालची वाटते."

"वाटते म्हणजे? तिच्यावर ओरखडे आहेत."

"ते कारखान्यातच पाडतात. जुनी दिसावी म्हणून."

"पगार देऊन पाडतात?"

"अर्थात!"

"मग पत्ता दे. माझा नवरा घरी बसलाय. तो फुकटात पाडतो."

तरी वाजवून पाहिली. चमच्यांचा खण जमिनीवर पडावा, तसा आवाज आला. पोरगा म्हणाला, "किती स्वच्छ आहे नाही?" मी म्हटले, "हो. इस्पितळासारखा." डॅप्टोला एकाने गराजमधले सामान विकायला काढले होते, तिथे तू सांगितल्यासारखी आखूड, जड, जपानी बास होती, पण मान रोखून पाहिली तर नदीच्या वळणासारखी. तिसरी सावकारी दुकानात, फ्रिजसारखी गुणगुणणारी. दुकानदार म्हणाला, "ते गाण्यातच मिसळून जातं."

तुझ्या प्रश्नाचे उत्तर : स्पंज नव्हता, कापडही नव्हते. मेंढीच्या कातड्याच्या लोकरी बुटाची पट्टी होती. गॉर्डनच्या डाव्या बुटाची टाच फाटली होती. तिथून बोटभर रुंद तुकडा कापून, लोकर वरच्या बाजूला ठेवून घोडीला टेकवून दाबला होता. स्पंजाने सूर मरतो. लोकरीने तो फक्त लवकर झोपतो. गॉर्डन ते बूट पुढे कितीतरी हिवाळे तसेच वापरत होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "माझी टाच रेडिओवर लागते."

ती आखूड बास मी हौसेने घेतलेली नव्हती, हेही यानिमित्ताने सांगते. लांब मानेची बास पोटाच्या बाजूने धरता येत नव्हती. आखूड बास कुशीला टेकत असे. म्हणजे ज्या पोटामुळे मी फोटोतून गेले, त्याच पोटामुळे तो आवाज आला. जॅनीनला हे सांगितले तर ती म्हणाली, "मग माझं पण नाव घालायला सांग की, आई."

तू पत्र लिहायला घेतलेस का? टेपची वाट न पाहता ते तयार ठेव.

तुझी,
मर्ल


बर्नी,
६ एप्रिल

प्रिय मर्ल,

लोकरी बूट! मला सारखे वाटत होते की काहीतरी हास्यास्पद होते. आता निवांत झोपेन.

पत्र लिहायला घेतले आहे. डोक्यात तर तयारच आहे. इथे मात्र दिवस बरे नाहीत. कागदाच्या कारखान्याने जानेवारीत पुन्हा माणसे कमी केली, त्यांत मीही. या वयाला मला कोण कामावर घेणार? बायकोचे गुडघे, घराचे छप्पर, नेहमीचेच रडगाणे. मध्ये क्लाइव्हचा फोन येऊन गेला, सहजच. तो आहे तसाच आहे. स्वतःबद्दल बोलतो आणि मग 'तू कसा आहेस' असे विचारून फोन ठेवतो.

त्याच्याशी बोलताना एक विषय निघाला. तिसऱ्या कडव्यात एके ठिकाणी बास एक ठोका गप्प होते. गाणे जणू पायरी चुकते आणि मग पुन्हा सावरते. गिटार शिकणारी पोरे आजही ती जागा मुद्दाम तशीच वाजवतात. ते ठरवून होते की आपोआप झाले? तुला काही आठवते का?

शोध सोडू नकोस. लग्नाच्या बँडांत विचारून पाहा. त्यांच्याकडची वाद्ये जुनी असतात आणि त्यांना त्याची किंमत कळत नाही.

नेव्ह


पोर्ट केम्बला,
१८ मे

प्रिय नेव्ह,

सापडली! लग्नाच्या बँडांचा तुझा सल्ला अचूक ठरला. फक्त किंमत न कळण्याबद्दलचे तुझे मत साफ चुकले.

आमच्या मागच्या गल्लीत स्टोयान नावाचा मॅसेडोनियन म्हातारा राहतो. कारखान्यात गॉर्डनबरोबर होता आणि शनिवारी त्यांच्या समाजाच्या लग्नांत बास वाजवायचा. आता बोटे आखडली. त्याच्या शेडमध्ये, टोमॅटोच्या रोपांच्या काठ्यांमागे, जपानी आखूड बास टांगलेली होती. मी एकच तार छेडली. बंद दारापलीकडे कुणी जड पेटी खाली ठेवावी, तसा तो सूर.

"या तारा कधीच्या?" मी विचारले.

"बासबरोबर आल्या."

"कधी बदलल्या नाहीत?"

"तुटल्या का?"

"नाही."

"मग बदलायच्या कशाला? बायको बदलली का मी?"

आतून त्याची बायको ओरडली, "तुटले नाही अजून, म्हणून!"

गुळगुळीत, चपट्या गुंडाळीच्या त्या तारा पंचवीस वर्षांच्या लग्नांनी पार मेलेल्या होत्या. आणि आपल्याला हवा तो आवाज मेलेल्या तारांतूनच येतो. माझी पहिली बासही जुन्या तारांसकटच आली होती, हे मी विसरूनच गेले होते. स्टोयानने पहिल्यांदा अशी किंमत सांगितली की मी उठून दारापर्यंत आले. मग गॉर्डनने त्याच्या कुंपणाचे खांब नव्याने बसवून द्यायचे ठरले आणि बास घरी आली.

आणि मग अनर्थ झाला. दुसऱ्या दिवशी कँटीनमधून परतले तर गॉर्डनसमोर शेगडीवर मोठे पातेले खदखदत होते.

"काय शिजवतोयस?"

"तुझ्या तारा! कुणीतरी सांगितलं, व्हिनेगर घालून उकळल्या की नव्या होतात. बघ तरी, राणी, कशा चकाकतायत!"

नेव्ह, मी खुर्चीवर बसून रडले. चांगल्या मनाने इतके वाईट करता येते, हे मला ठाऊक होते, तरी रडले. बासमधून पुन्हा चमच्यांचा खण वाजू लागला. स्टोयानकडे गेले. त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "आधी त्या माणसाला स्वयंपाकघरातून काढ. मग मेंढीच्या चॉप्स तळ. हाताने खा. हात धुऊ नकोस. तसेच वाजव. लग्नात आम्ही काय धुवायला जातो?"

तेव्हापासून आमच्या घरी रोज चॉप्स आहेत. गॉर्डनला डॉक्टरांनी चरबी वर्ज्य सांगितली आहे. पण अपराधी असल्यामुळे तोही माझ्याबरोबर खातो आणि जेवण झाले की तेलकट बोटांनी तारांवर हात फिरवतो. हळूहळू तारा पुन्हा मेल्या. बुटाची पट्टी नव्याने कापली. परवा धुण्याच्या खोलीत बसून गाणे वाजवले, जॅनीनने ते टेप केले, आणि ऐकताना गॉर्डन म्हणाला, "मर्ल, तू तेव्हाचीच आहेस."

तिसऱ्या कडव्याचे विचारले होतेस. ते ठरवून नव्हते आणि आपोआपही नव्हते. जॅनीनने पोटात अशी लाथ मारली की बास हातातून निसटली. पुन्हा रेकॉर्ड करायला वेळ उरला नव्हता. लोक ज्याला कला म्हणतात, ती माझ्या मुलीची टाच आहे.

टेप पेलकडे गेली. आता तुझ्या ओळी पाठव. मला फार आशा वाटते आहे, आणि तिचीच भीती वाटते.

तुझी,
मर्ल


बर्नी,
३० मे

प्रिय मर्ल,

शाब्बास. चॉप्सचे वाचून आम्ही दोघे पोट धरून हसलो. भेटेल त्याला मी ते सांगतो आहे.

पेलला पत्र टाकले. काय लिहायचे ते मला नीट ठाऊक होते. आता निश्चिंत राहा.

थोडा गडबडीत आहे. पुढे सविस्तर लिहीन.

नेव्ह


पोर्ट केम्बला,
६ जुलै

नेव्ह,

सविस्तर पत्र आले नाही. त्याऐवजी पेलचा फोन आला.

"मिसेस पेंगेली, कमाल केलीत तुम्ही! आम्ही ऑफिसात दोन्ही टेप एकापाठोपाठ लावल्या. डोळे मिटले तर फरक कळत नाही. हुबेहूब!"

"हुबेहूब नाही, बाळा. तीच आहे."

"म्हणजे… हं. पण रेडिओवरची क्लाइव्हची मुलाखत तुम्ही अगदी बारकाईने ऐकलीत, नाही का?"

"कसली मुलाखत?"

त्याने ती मला फोनवरून ऐकवली. जूनच्या आरंभीची. क्लाइव्ह सांगत होता की तो प्रसिद्ध आवाज एका स्वस्त जपानी बासचा होता, फोटोतली अमेरिकन बास केवळ दिखाव्याची; तारांखाली त्याने लोकरी बुटाची पट्टी ठेवली होती, 'स्पंजाने सूर मरतो, लोकरीने तो लवकर झोपतो'; तिसऱ्या कडव्यातला तो रिकामा ठोका त्याने श्वासासाठी राखला होता. मुलाखत घेणारी बाई म्हणाली, "किती सुंदर!"

आणि मग तो म्हणाला, "एकाहत्तर साली आम्ही तळलेल्या चॉप्स खायचो आणि हात न धुता वाजवायचो. तारांना ती चरबी लागते."

नेव्ह, एकाहत्तर साली चॉप्स नव्हत्याच. क्लाइव्ह तर तेव्हा कुठल्याशा गुरूच्या नादाने पालेभाज्या खाऊन जगत होता. चॉप्स या वर्षीच्या आहेत, माझ्या स्वयंपाकघरातल्या, गॉर्डनच्या मूर्खपणातून निघालेल्या. पत्राने त्या मी एकाच माणसाला पाठवल्या.

मी पेलला म्हटले, "नेव्ह गार्व्हनचं पत्र आलं असेल ना?"

"आलंय की. छान पत्र आहे. त्यांनी लिहिलंय, मर्ल त्या दिवशी खोलीत हजर होती, सगळ्यांची लाडकी होती आणि तिला वाजवायची आवड होती."

"एवढंच?"

"एवढंच. मिसेस पेंगेली, वाईट वाटून घेऊ नका; पण तुमची टेप ऐकून आमची खात्री पटली की क्लाइव्हने सांगितलेली रीत खरी आहे. तसं केलं की कुणालाही तो आवाज काढता येतो."

मी ज्याला पुरावा समजत होते, तो माझ्याविरुद्धच गेला. जितके नेमके वाजवले, तितकी मी चांगली नक्कल ठरले.

तुझी सगळी पत्रे काढून पुन्हा वाचली. पेलला दाखवावीत, असा विचार होता. नेव्ह, तू किती जपून लिहितोस! 'त्या गाण्याच्या बासमध्ये', 'कोंबलेले असायचे', 'बास गप्प होते'. मर्ल, तू वाजवलेस, असे एकाही ओळीत नाही. मी ते विस्मरण समजले. शाळेत व्याकरणात माझा पहिला नंबर असे. कर्ता नसलेले वाक्य माझ्या नजरेतून सुटले कसे, याचे नवल वाटते.

मला एकच उत्तर हवे आहे. बासवर कोण होते? नाव लिहून पाठव.

मर्ल


बर्नी,
३ ऑगस्ट

प्रिय मर्ल,

तुझा राग मी समजू शकतो. पण माझी बाजूही ऐकून घे.

पेलला लिहिलेल्या पत्रात एकही खोटे वाक्य नाही. तू खोलीत हजर होतीस. लाडकी होतीस. आवड होती. मी खोटे लिहू शकलो नाही, म्हणून कमी लिहिले.

क्लाइव्ह ऑक्टोबरपासून 'ब्रेकवॉटर्स' पुन्हा घेऊन निघतो आहे. चार शहरे ठरली आहेत. गिटारवर मी. हे फेब्रुवारीतच ठरत आले होते, तुझे पत्र आले त्याच आठवड्यात. तू कल्पना कर, कारखान्यातून काढलेल्या माणसाला असा फोन येतो तेव्हा काय होते. सभागृहे क्लाइव्हच्या नावावर भरतात. पोस्टरवर त्याचाच तो फोटो आहे. आज उठून सांगायचे की फोटोतला माणूस खोटा आहे, तर तिकिटे कोण घेणार? तुला पैसे नको होते, असे तूच लिहिले होतेस. मला हवे होते. ज्याला गरज नाही त्याने ज्याला गरज आहे त्याला थोडे समजून घ्यावे.

शिवाय हे गाणे आपल्या सगळ्यांचे आहे. कोणती बोटे, कोणाची बोटे, याने ऐकणाऱ्याला काय फरक पडतो?

आता एक आनंदाची गोष्ट. क्लाइव्हची बोटे पूर्वीसारखी राहिलेली नाहीत, स्टोयानसारखीच समज. त्या गाण्यापुरते तू यावेस, असे त्याला फार वाटते. मंचाच्या मागे, स्पीकरांच्या आडोशाला तुझी जागा असेल. प्रवासखर्च मिळेल. स्वतःची बास आण, त्याने मुद्दाम सांगितले आहे.

आणि तू मागितले होतेस ते मी करून दाखवले आहे. पेलशी भांडून मी पुस्तिकेत तुझे नाव घालून घेतले. सोबत छापील प्रत पाठवतो आहे. शेवटचे पान पाहा. आभारांत तू पहिली आहेस, क्लाइव्हच्या डॉक्टरांच्याही आधी. त्या दिवशी खोलीत तू होतीस, हे आता कायमचे छापले गेले.

राग सोड. गॉर्डनला नमस्कार.

तुझा,
नेव्ह


पोर्ट केम्बला,
१७ ऑगस्ट

नेव्ह,

पुस्तिका मिळाली. कागद चांगला आहे.

पहिल्या पानावर ओळ आहे : बास गिटार – क्लाइव्ह मॉट्रम. शेवटच्या पानावर ओळ आहे : 'रेकॉर्डिंगच्या दिवशी सगळ्यांना चहा आणि सँडविच करून घालणाऱ्या मर्ल पेंगेली यांचे मनापासून आभार.' जॅनीनने ती मोठ्याने वाचली, मग पुस्तिका मिटून माझ्या मांडीवर ठेवली आणि अंगणात गेली. गॉर्डनने अजून वाचलेली नाही. चष्मा सापडत नाही म्हणतो. चष्मा त्याच्या नाकावर होता.

स्पीकरांच्या आडोशाला मी येणार नाही. पोट दिसू नये म्हणून मला एकदा बाजूला उभे केले होते. आता पोट नाही. तेव्हा निदान कारण तरी नवे शोधायचे होते. क्लाइव्हला सांग, त्याची रीत रेडिओवर सगळ्यांना ठाऊक झाली आहे, पेलच्या मते ती कुणालाही जमते. त्याने चॉप्स खाव्यात.

तू मला नाव लिहून पाठवले नाहीस. मी विचारले होते, बासवर कोण होते. चार पाने लिहिलीस, आणि त्या एका जागी तूसुद्धा एक ठोका गप्प बसलास. यावरून तुला सगळे नीट आठवते, एवढे मात्र कळले.

एका गोष्टीची दुरुस्ती करणे मला भाग आहे, कारण छापलेली चूक पसरत जाते. त्या दिवशी सँडविच मी केले नव्हते. सकाळपासून अंधार पडेपर्यंत माझ्या हातांत बास होती आणि बसायला खुर्चीही नव्हती. सँडविच तुझ्या आईने केले होते. ऊना गार्व्हन. थंड मटण आणि मोहरीचे लोणचे, कडा कापून, ओल्या फडक्यात गुंडाळून ती बसने घेऊन आली होती. रेकॉर्डिंगच्या खोलीमागच्या मोरीत तिने चहाचे आधण ठेवले, सगळ्यांच्या हातात कप दिला, आणि रेकॉर्डिंग चालू असताना बशांचा आवाज होऊ नये म्हणून दर वेळी हात एप्रनशी धरून उभी राहिली. माझ्या तोंडात तिने घास भरवला होता, कारण माझी बोटे तारांवर होती. तिला मीही विसरले होते. पुस्तिकेतली ती ओळ वाचली आणि ती आठवली.

त्या दिवशी त्या खोलीत दोन बायका होत्या, नेव्ह. एकीचे काम तू क्लाइव्हला दिलेस, आणि दुसरीचे मला.

मर्ल पेंगेली